नाळीची भाजी आणि बेशरम: एकाच गोतातली दोन झाडं नीट ओळखायची कशी

श्रावण जवळ आला की रानभाजी महोत्सव भरतात आणि पाठोपाठ मोबाईलवर रानभाज्यांचे फोटो फिरू लागतात. त्यात नाळीच्या भाजीचा फोटो असतोच. पाणथळ जागेत पसरलेला वेल, त्यावर फिकट जांभळं, कर्ण्याच्या आकाराचं फूल. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने तो फोटो पाहिला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: हे तर आपल्या ओढ्याकाठच्या बेशरमीचं फूल दिसतंय. मग बेशरमही खाता येते की काय? आणि खाता येत नसेल, तर तिच्यासारखंच फूल येणारी नाळ तरी कशी चालते?

उत्तर आधीच सांगायला हवं. नाळ खायची भाजी आहे, बेशरम विषारी आहे. दोघींचं नातं मात्र खरंच जवळचं आहे, आणि घोळ होतो तो त्या नात्यामुळेच. म्हणून नातं काय, फरक काय, विष येतं कुठून आणि हातात आलेला कोंब कोणाचा हे ठरवायचं कसं, ते क्रमाने पाहू.

## नातं किती जवळचं?

वनस्पतिशास्त्रात एकमेकींशी जवळचं नातं असलेल्या जाती मिळून एक प्रजाती होते. माणसाच्या नावात जसं आडनाव, तसं झाडाच्या शास्त्रीय नावात प्रजातीचं नाव असतं, फक्त ते आधी येतं. नाळीचं शास्त्रीय नाव आयपोमिया अ‍ॅक्वाटिका आणि बेशरमीचं आयपोमिया कार्निया. म्हणजे जाती दोन, प्रजाती एकच. या आयपोमिया प्रजातीत सहाशेहून अधिक जाती आहेत. उपवासाचं रताळं तिच्यातलं, कुंपणावर लाल चांदण्या फुलवणारी गणेशवेल तिच्यातली आणि कोकणच्या पुळणीवर पसरणारी मर्यादवेलही तिच्यातलीच.

या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट तिथेच स्पष्ट होते. रताळं आपण खातो, मर्यादवेल कोणी भाजी म्हणून खात नाही. एका प्रजातीतलं एक झाड खाण्याजोगं निघालं म्हणून दुसरंही खाण्याजोगं, असा हिशेब कुठेच चालत नाही. वांगी, बटाटा आणि रिंगणी एकाच प्रजातीतली आहेत, पण रिंगणीच्या फळांची भाजी करायला कोणी जात नाही.

## कोण इथलं, कोण बाहेरचं?

नाळ आपल्याकडची, आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागातली. स्वीडिश निसर्गअभ्यासक पीटर फॉर्स्कोल याच्या लिखाणातून १७७५ साली तिचं शास्त्रीय नाव छापून आलं. पण बंगालपासून व्हिएतनामपर्यंतची माणसं तिला त्याच्या कितीतरी आधीपासून खात आली आहेत. बंगालात ती कलमी शाक म्हणून रोजच्या बाजारात मिळते.

बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेचं झाड म्हणून, कुंपण म्हणून आणि बांध धरून ठेवायला म्हणून माणसांनीच ती देशोदेशी नेली. जनावर सहसा तोंड लावत नाही, खत लागत नाही, कांडी खोचली की जगते. कुंपणाला याहून सोयीचं काय असणार? पण कुंपणात जो गुण वाटला तोच ओढ्यात गेल्यावर डोकेदुखी झाला.

उलट दिशेनेही असाच प्रवास झाला. आपली नाळ अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडातल्या तळ्यांवर अशी पसरली, की तिथल्या केंद्र सरकारने तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातलं. म्हणजे ‘परदेशात बंदी आहे’ हे नाळीबद्दल खरं आहे, पण ती बंदी पाण्यावर पसरण्यासाठी आहे, विषासाठी नाही. फिरत्या निरोपांत हा फरक गळून पडतो आणि लोक विनाकारण घाबरतात.

## हातात घेऊन पाहा

ओळखीचे दोन उपाय लोक हमखास सांगतात: देठ मोडून पोकळ आहे का बघा आणि पांढरा चीक येतो का बघा. दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत. नाळीचा देठ पोकळ असतो, बेशरमीचाही आतून पोकळ असतो. चीक नाळीलाही येतो, बेशरमीलाही. बेशरमीचा जास्त येतो खरा, पण ‘जास्त’ हे माप समोर दोन्ही झाडं असतील तरच उपयोगी पडतं.

खरा फरक बुडात आहे. नाळ जमिनीवर किंवा पाण्यावर आडवी पसरते. तिचं खोड पेन्सिलीइतकं, फार तर करंगळीइतकं जाड, मऊ, हिरवं किंवा किंचित तांबूस. पोकळीत हवा असल्याने ते पाण्यावर तरंगतं आणि प्रत्येक पेराला पांढऱ्या मुळांचा झुपका फुटतो. बेशरम मात्र उभी वाढते. माणसाच्या उंचीच्या वर सहज जाते, तीन मीटर आणि पाण्यात त्याहूनही जास्त. शेंडा कोवळा आणि हिरवा असला तरी बुडाशी खोड करडं, खरबरीत आणि लाकडासारखं होतं. म्हणून नियम एकच ठेवावा: शेंडा खुडण्याआधी बोटाने खोड धरत मुळापर्यंत जायचं. बुड लाकडी निघालं तर हात काढून घ्यायचा.

पान हा दुसरा पुरावा. नाळीचं पान बाणाच्या टोकासारखं, साधारण पाच ते पंधरा सेंटीमीटर लांब, देठाकडचे दोन कोपरे टोकदार आणि बाहेर झुकलेले. बेशरमीचं पान बरंच मोठं, दहा ते पंचवीस सेंटीमीटर. देठाकडे बदामाच्या आकाराचं, गोलसर खांद्यांचं आणि पुढे लांब निमुळतं होत गेलेलं. नाळीत रुंद पानाचा प्रकारही असतो, त्यामुळे एकट्या पानावर निकाल देऊ नये.

फुलांत आकारमानाचा फरक आहे. नाळीचं फूल तीन ते पाच सेंटीमीटरचं, पांढरं किंवा फिकट जांभळं, घसा गडद. एका ठिकाणी एखाद-दुसरंच उमलतं. बेशरमीचं फूल पाच ते नऊ सेंटीमीटरचं, गुलाबी-जांभळं, आणि फांदीच्या टोकाला झुपक्याने येतं. दोन्ही सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मलूल होतात. फोटोत मापाचा अंदाज येत नाही, म्हणून फोटोवरून ओळखणाऱ्यांची फसगत होते.

फुलं नसताना बी सापडलं तर प्रश्नच मिटतो. बेशरमीचं सुकलेलं बोंड उघडून पाहा. आत काळसर बिया आणि त्यांच्यावर लांब, रेशमी, तपकिरी केस. इतके दाट की बी आधी दिसतच नाही, बोटाला केसांचा पुंजकाच लागतो. या केसांमुळे बी पाण्यावर तरंगत लांबवर जातं. नाळीच्या बियांवर फार तर बारीक करडी लव असते.

बेशरमीचं पान देठाला जिथे जुळतं तिथे जवळून पाहिलं तर दोन बारीक ठिपके दिसतात. त्या मधाच्या ग्रंथी आहेत, फुलाबाहेरच्या. तिथे मुंग्या सतत येतात, आणि फिरता फिरता पानं खाणाऱ्या किड्यांना पळवून लावतात. इतका बंदोबस्त असलेलं झाड ओढ्याकाठी फोफावतं यात नवल नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर. तोडलेल्या बेशरमीच्या बुडख्यातून आणि गाळात पडलेल्या कांड्यांतून तेव्हा कोवळे, मऊ कोंब वर येतात. ते नाळीच्या शेंड्यांसारखे दिसतात, आणि रानभाज्या वेचायला बाहेर पडायचे दिवसही तेच असतात. दोन्ही झाडं शेजारी वाढत असतील तर त्या जागेतली भाजी सोडून द्यावी, हे बरं.

## विष कुठून येतं?

बेशरमीत जनावरांना मारणारं मुख्य द्रव्य म्हणजे स्वेन्सोनीन. ऑस्ट्रेलियात स्वेन्सोना नावाचं एक झाड मेंढ्यांना वेड लावतं म्हणून बदनाम होतं. १९७९ साली त्यातून हे द्रव्य वेगळं केलं गेलं आणि झाडावरून त्याला नाव मिळालं. पुढे तेच द्रव्य बेशरमीतही सापडलं.

यातली खरी विलक्षण गोष्ट नंतर उलगडली. स्वेन्सोनीन बेशरम स्वतः बनवतच नाही. तिच्या पानांवर एक सूक्ष्म बुरशी राहते, झाडाला कसलीही इजा न करता, आणि ती बियांतून पुढच्या पिढीत जाते. विष ती बुरशी बनवते. संशोधकांनी बुरशीनाशक वापरून बुरशी नसलेली बेशरम वाढवली, तेव्हा तिच्या पानांत स्वेन्सोनीन मिळालं नाही. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. रूपाने आणि नात्याने इतक्या जवळच्या दोन झाडांत एक विषारी का, याचं बरंचसं उत्तर यात आहे. विषाचा वारसा सगळ्या गोताचा नाही, तो या जातीवर राहणाऱ्या बुरशीचा आहे.

मग बुरशीनाशक फवारलं तर बेशरम चारा म्हणून चालेल का? नाही. कॅलिस्टेजिन नावाची आणखी द्रव्यं ती स्वतः बनवते आणि त्यांचं कामही स्वेन्सोनीनच्याच जातकुळीचं आहे. शिवाय ओढ्यात उभ्या झाडांवर बुरशीनाशक मारणं म्हणजे पाण्यात औषध ओतणं.

हे विष शरीरात करतं काय? प्रत्येक पेशीत टाकाऊ पदार्थ मोडून काढणारे छोटे कप्पे असतात. मोडण्याचं काम विकरं करतात. स्वेन्सोनीन त्यातल्या एका विकराला जखडून ठेवतं. गल्लीतली घंटागाडी बंद पडली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही, आठवड्याने दारात ढीग दिसतो आणि महिन्याने रस्ता बंद होतो. पेशीतही तसंच होतं. न मोडलेल्या साखरेच्या साखळ्या कप्प्यांत साचत जातात, कप्पे फुगतात, पेशीचं काम अडतं. मेंदूच्या पेशींना याचा फटका सगळ्यात मोठा बसतो, कारण त्या बिघडल्या तर त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

## ‘आमच्या शेळ्या खातात, त्यांना काही होत नाही’

हा आक्षेप नेहमीचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. एखाद्या दिवशी चार पानं खाल्ल्याने शेळी पडत नाही. साचत जाणारं दुखणं असल्याने ते रोज खाण्यातून, काही आठवड्यांनी दिसायला लागतं. तोवर ‘बेशरम खाऊन झालं’ हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जंत झाले, वय झालं, खुराक कमी पडला, असं समजून दुसरेच उपचार चालू राहतात.

लक्षणं अशी येतात. आधी शेळी सुस्तावते, केस राठ होतात, खाऊनही अंग धरत नाही. मग चालीत फरक पडतो: मागचे पाय अडखळतात, वळताना तोल जातो, डोकं थरथरतं, पुढे ठेवलेला चारा नेमका तोंडात धरता येत नाही. पुढच्या टप्प्यात उठणंच जड जातं. गाभण शेळीने बेशरम खाल्ली तर करडं अशक्त किंवा पाय वाकडे असलेली जन्मू शकतात. विष दुधातूनही उतरतं, त्यामुळे पिणाऱ्या करडालाही धोका असतो.

सोलापूरसारख्या जिल्ह्यात हे जास्त गांभीर्याने घ्यायला हवं, त्याचं कारण इथल्या हवामानात आहे. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर. सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर तेव्हा हिरवं पान दिसत नाही. ओढ्याच्या गाळात, कालव्याच्या पाझरावर आणि तळ्याच्या काठाला बेशरम मात्र हिरवीगार असते. एरवी नाक मुरडणारी उस्मानाबादी शेळी पोट रिकामं असलं की तिला तोंड लावते. एकदा चव लागली की पुढे दुसरा चारा असतानाही ती बेशरमच शोधत जाते, आणि तिचं पाहून कळपातल्या इतर शेळ्या शिकतात. म्हणून पहिली खाणारी शेळी वेळीच ओळखून वेगळी बांधणं महत्त्वाचं.

यावर उतारा नाही. उपाय एकच, बेशरम पूर्ण बंद करणं. लवकर बंद केली तर स्वेन्सोनीन काही दिवसांत शरीराबाहेर जातं आणि शेळी बऱ्यापैकी सावरते. थरथर आणि तोल जाणं बळावल्यावर बंद केली तर जीव वाचला तरी चाल पूर्ववत होईलच असं नाही. लक्षणं दिसताच पशुवैद्यकाला दाखवावं, आणि शेळी कुठे चरते तेही सांगावं, कारण तपासणीतून हे दुखणं सहजासहजी समोर येत नाही.

टाळण्यासाठी खर्च फारसा नाही. सकाळी रिकाम्या पोटी ओढ्याकडे सोडू नये. आधी मालदांडीचा कडबा बारीक करून किंवा तुरीचं भुसकट द्यावं, मग चरायला न्यावं. उन्हाळ्यासाठी बांधावर शेवरी लावून ठेवली तर हिरव्याची भूक भागते. बेशरम वाळवून किंवा उकळून चारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. स्वेन्सोनीन वाळवल्याने जात नाही, उकळल्यानेही मोडत नाही.

गोताचाच विषय निघाला आहे तर रताळ्याबद्दल एक सूचना. बुरशी लागून काळी पडलेली रताळी लोक जनावरांपुढे टाकतात. तसल्या रताळ्यात तयार होणारं विष गाई-म्हशींच्या फुप्फुसांवर जातं आणि श्वास लागून जनावर दगावतं. काळी रताळी उकिरड्यावरच जाऊ द्यावीत.

## मग नाळ बिनधास्त खावी?

झाड सुरक्षित आहे, पाणी सुरक्षित असेलच असं नाही. नाळीची वाढ झपाट्याची असते आणि ती पाण्यातून, गाळातून जे मिळेल ते उचलते. त्यात शिसं, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातूही येतात. ते पानाच्या आत जातात, त्यामुळे कितीही धुतलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं, उकळलं तरी निघत नाहीत. शहराचं सांडपाणी मिसळणारं तळं, रंगकामाचं पाणी सुटणारा नाला, रस्त्याकडेचं डबकं इथली नाळ कितीही लुसलुशीत दिसली तरी ताटात आणू नये. भीमेच्या आणि सीनेच्या पात्रातही वरून काय मिसळतं आहे ते पाहूनच ठरवावं. शेततळं, पावसाच्या पाण्याचं गावतळं, विहिरीचा पाट या त्यातल्या त्यात भरवशाच्या जागा.

‘नाळ पाणी शुद्ध करते, मग घाण तळ्यात मुद्दाम लावू या’ असंही सुचवलं जातं. नाळ पाण्यातलं नत्र, स्फुरद आणि धातू शोषते हे खरं. पण शोषलेलं तिच्यातच राहतं. तशी लावलेली नाळ वेळोवेळी कापून बाहेर काढावी लागते आणि ती ना माणसाच्या कामाची, ना जनावराच्या. कापली नाही तर कुजून सगळं पुन्हा पाण्यात. शुद्धीकरणाची नाळ आणि जेवणाची नाळ एकाच तळ्यातून घेता येत नाही.

दुसरा धोका जंतांचा. पाणथळीतल्या गोगलगायींच्या अंगातून पर्णाकृती जंतांची पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्यातल्या पानांवर कोष करून बसतात. पानं कच्ची खाल्ली तर ते पोटात जातात. म्हणून नाळीची कोशिंबीर करू नये. शिजवल्यावर हे कोष मरतात, आणि आपल्याकडे भाजी शिजवूनच खातात, हे चांगलं आहे. शेळ्यांना नाळ द्यायची असेल तर काठाची गवतं जपून चारतात तसंच इथेही करावं. कापून, उन्हात चांगली सुकवून, कडब्यात मिसळून द्यावी. नुसती ओली नाळ फार पाणीदार, तिने पोट सुटतं.

शिजवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. वरचे वीत-दीड वीत शेंडेच घ्यावेत, खालचं खोड चिवट होतं. देठ पोकळ असल्याने आत चिखल आणि किडे बसतात, म्हणून देठ उभा चिरून किंवा बोटभर तुकडे करून तीन पाण्यांनी धुवावा. नाळीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, भाजी खूप आळते. चार माणसांना दोन मोठ्या जुड्या लागतातच. तेलात भरपूर लसूण आणि हिरवी मिरची, त्यात आधी देठ, दोन मिनिटांनी पानं, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतायचं आणि उतरवताना शेंगदाण्याचं कूट घालायचं. झाकण ठेवलं की भाजी काळपट होते आणि तिला पाणी सुटतं. भिजवलेली मूगडाळ घातली तर कडक भाकरीबरोबर पोटभरीची होते.

## पाण्याची खात्री नसेल तर टबात लावा

आमच्या मते सोलापूर शहरात नाळ खायची असेल तर हाच मार्ग सगळ्यात चांगला. दीड-दोन फूट व्यासाचा, फूटभर खोल टब पुरतो. खाली भोक नसलेला चालतो. दोन भाग काळी किंवा पोयट्याची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण आठ इंच भरावं. शेणखत कच्चं असेल तर पाण्यात सडून वास सुटतो आणि कांड्या बुडाशी कुजतात. लावण फसण्याचं हे नेहमीचं कारण.

बाजारातल्या ताज्या जुडीतल्या जाड कांड्या निवडाव्यात, साधारण वीतभर लांबीच्या. खालची पानं काढून दोन-तीन पेरं चिखलात जातील अशा तिरप्या खोचाव्यात. एका टबात पाच-सहा पुरेत. पेराला मुळं चार-पाच दिवसांत फुटतात. बी लावायचं असेल तर ते चोवीस तास भिजवून ओल्या मातीत पेरावं, वर पाणी साचू देऊ नये. बी पाण्याखाली नीट उगवत नाही, रोप बोटभर झाल्यावरच पाणी वाढवावं.

चिखल कायम ओला हवा, वर दोन इंच पाणी असलं तर उत्तम. पण उघडं पाणी म्हणजे डासांचं घर. एक तर टबात चार-पाच गप्पी मासे सोडावेत, नाही तर पाणी उभं न ठेवता चिखलच ओला ठेवावा. साधारण महिन्याभराने फांद्या फूटभर झाल्या की पहिली कापणी. बुडाशी दोन-तीन पेरं ठेवून कापावं, मुळासकट उपटू नये. तिथूनच नवे कोंब येतात, आणि पुढे दर दहा-पंधरा दिवसांनी कापणी मिळते. दोन-तीन कापण्यांनंतर मूठभर गांडूळखत चिखलात दाबावं.

एप्रिल-मेच्या उन्हात टबातलं पाणी भराभर आटतं. सकाळी भर घालावी आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी, नाही तर पानांच्या कडा करपतात. बोअरचं जड पाणी सतत घातलं तर टबाच्या कडेला पांढरा थर धरतो आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा वेळी आतलं पाणी ओतून द्यावं, शक्य असेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं. पानाच्या खालच्या बाजूला पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. ती पानं काढून टाकावीत, फांद्यांची दाटी कमी करावी. पानाला गोल भोकं दिसली तर खाली कासवाच्या आकाराचे चकचकीत भुंगेरे असतात, ते हाताने वेचता येतात. खायच्या भाजीवर औषध मारायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, फुलं येतात, शेंडे राठ होतात. तेव्हा कापणी थांबवावी, थंडी सरली की ती पुन्हा फुटते.

## बेशरम काढायची तर कधी आणि कशी?

‘बेशरम काठाची माती धरून ठेवते, राहू द्या’ असं म्हणणारे आहेत. थोडीफार धरते. पण ओढ्याच्या मधोमध तिचं बेट झालं की प्रवाह अडतो, त्यात गाळ बसतो, पात्र उथळ होतं आणि पुराचं पाणी शेजारच्या शेतात शिरतं. काठ धरायला वाळा आहे, बांबू आहे, करंज आहे. हे काम विषारी झाडाकडून करून घ्यायची गरज नाही.

काढायचा हंगाम एप्रिल-मे. तळ्यांचं आणि धरणाचं पाणी तेव्हा मागे सरलेलं असतं, गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात, बुडापर्यंत हात पोचतो. नुसती कोयत्याने छाटली तर एका बुडख्यातून चार फांद्या येतात, म्हणून टिकावाने गड्डा मुळासकट काढावा. चिकाने कातडी चुरचुरते, डोळ्यात गेला तर आग होते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, डोळ्याला हात लावू नये.

खरी चूक होते ती काढल्यावर. फांद्या तिथेच गाळावर टाकल्या जातात, पाऊस पडतो, आणि टेकलेल्या प्रत्येक पेरातून नवं झाड उभं राहतं. कालव्यात फेकल्या तर वाहून जाऊन खालच्या गावात रुजतात. म्हणून फांद्या पाण्यापासून लांब, खडकावर किंवा मुरमाड माळावर पसराव्यात, आणि काडी मोडताना कडकन आवाज येईपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, वाळू द्याव्यात. तोवर तिथे शेळ्या जाणार नाहीत हे पाहावं. वाळलेलं सरपण भुरकन जळून जातं, फार कामाचं नसतं. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी त्याच जागेवर परत यावं आणि फुटलेले कोंब हाताने उपटावेत. ते मऊ असतात तोवरच उपटतात. ही दुसरी फेरी टाळली तर पहिलीची मजुरी पाण्यात गेली असं समजावं. बी वरच्या अंगाने वाहत येत राहतं, त्यामुळे एका शेतकऱ्याने आपला तुकडा साफ करण्यापेक्षा ओढ्याच्या उगमाकडून खाली अशी गावाने मिळून सफाई केली तर ती टिकते.

टू-फोर-डीसारखं तणनाशक बेशरमीला मारतं, पण पाण्यात आणि पाण्याकाठी ते वापरू नये. मासे, जनावरं आणि माणसं तेच पाणी पितात. शिवाय वाऱ्यावर या औषधाचा जरासा उडालेला अंश द्राक्षाच्या आणि कापसाच्या पानांना वेडंवाकडं करून टाकतो. पंढरपूरकडे द्राक्षबागा ओढ्यांना लागून आहेत. बागायतदाराने स्वतःच्या बांधावर हे फवारण्याआधी आणि शेजाऱ्याने त्याच्या वाऱ्याच्या अंगाला फवारण्याआधी बागेची पानं कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहावं, आणि टिकाव हाताशी असेल तर टिकावच घ्यावा.